फोनवरचं ‘हाय’

पनवेलजवळच्या कोन या गावात ज्या मावशीच्या घरी मी भाड्याने राहते, तिच्या सोफ्यावरची टीव्हीसमोरची उजवी बाजू माझी. कुणी दिली नाही, बसत बसत झाली. पनवेलच्या पोळीभाजी केंद्रात सकाळच्या पोळ्या झाल्या की दुपारी मी शेअर रिक्षाने परत यायची, हातपाय धुवायची आणि तिथे बसायची. मावशी डावीकडे, मधे उशी, उशीवर माझा मोबाइल. कारण वाचणारी मी.

मावशीच्या लहानपणी टीव्हीवर एका गुप्तहेराची मालिका लागायची. गावात टीव्ही एकच, त्यामुळे सगळं गाव त्या घराच्या ओट्यावर. शेवटचा भाग चालू असताना लाइट गेली आणि पुढे काय झालं ते मावशीला कळलंच नाही. अलीकडे कुणीतरी ती मालिका इंटरनेटवर चढवली. मी ती तिच्या टीव्हीवर लावून दिली, आम्ही पहिल्यापासून बघितली. शेवटचा भाग संपल्यावर मावशी म्हणाली, “बरी लाइट गेलती तवा. आता तरी काय कललं?”

खरंच कळत नाही. धक्क्यावर सोडलेली बॅग कुणी उघडली? पिवळ्या साडीतली बाई जिथे तिथे दिसते, ती कुणाची माणूस? आणि सगळ्यात अवघड तो शेवट. गुप्तहेराचा जोडीदार खाडीत बेपत्ता होतो. गुप्तहेर म्हणतो, जिवंत असेल तर आज फोन येईल. फोन वाजतो. पलीकडून एकच शब्द येतो, “हाय.” लाइन कट. गुप्तहेर आपल्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि संपलं.

त्या व्हिडिओखाली लोकांनी इतकं लिहून ठेवलंय की वाचून संपत नाही. मावशीला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही. मी आठवीत शाळा सोडली. वाचता येतं, पण बोट ठेवून. एक कॉमेंट संपेपर्यंत मावशीची भाजी निवडून व्हायची. तिने कधी घाई केली नाही. उलट एखादी चुकीची वाटली तर म्हणायची, “पुन्ना वाच, त्या मेल्याला काय म्हनायचं हाय?”

माझं मत होतं की ते ‘हाय’ म्हणजे शेवटचं कण्हणं. जोडीदार मेला. मावशी ऐकायची नाही.

“कन्हतंय कशाला गो? सांगतंय. हाय. म्हंजे जित्ता हाय.”

“आमच्या धुळ्याकडे जित्ता माणूस ‘आहे’ला ‘शे’ म्हणतो.”

“तुमच्या धुल्याला खाडी हाय का?”

मी पुढच्या कॉमेंटवर बोट ठेवलं. या बाईने मला घर दिलं तेव्हा मी ज्या ओळखीवर इकडे आले होते ती ओळख फोनच उचलत नव्हती. मावशीने काही चौकशी केली नाही, “जेवलीस का गो बाय?” एवढंच विचारलं. ते मी विसरत नाही, आणि तेच मला सुखाने बसूही देत नाही. सतत वाटतं, आपला काहीतरी उपयोग दिसत राहिला पाहिजे. वाचन हा माझा उपयोग होता.

मग शेजारच्या खोलीत नर्सिंगची मुलगी राहायला आली. गोड मुलगी. वाईट असती तर सोपं झालं असतं. दुसऱ्याच दुपारी ती दारात उभी राहिली, “मावशी, तुम्ही पण ही बघता?” आणि येऊन बसली. मधे, उशी मांडीवर घेऊन.

ती भराभर वाचायची. इंग्रजी कॉमेंटही वाचायची, अर्थ सांगायची. तिचं मत होतं की ते इंग्रजी ‘हाय’ आहे. फोनवर ती पिवळ्या साडीवाली, आणि ती परदेशाची हेर. मावशी “अस्सं?” म्हणून पुढे वाकायची. माझ्या वाचण्यावर मावशी कधी पुढे वाकलेली मला आठवत नव्हती. मी चहा करायला उठायची. चहा कुणी मागितलेला नसायचा.

एके दुपारी मी कप घेऊन आले तर ती ओरडत होती, “मावशी, हे बघा, तुमचंच लिहिलंय कुणीतरी. उरणकडचा माणूस आहे. म्हणतो, आमच्या गावात हाय म्हणजे आहे. जोडीदार जिवंत आहे.”

मावशीने टाळी वाजवली. “बगलास? मी कवाची सांगते.” मग माझ्याकडे वळून, “तुला कसं नाय गावलं गो?”

सापडलं नाही, कारण ते इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. तशा कॉमेंटवरून मी बोट न थांबवता पुढे जात असे. मावशीचं उत्तर माझ्या बोटाखालून कितीदा गेलं असेल, आणि सापडलं ते परवा आलेल्या मुलीला. मी म्हटलं, “साखर जास्त झालीय का बघा,” आणि स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ती सरळ माझ्या खोलीत. दार लोटलं, पडून राहिले. आता खोली बदलायची म्हटलं तर कुठे बघायची, असलंच काहीबाही मनात. आईचा फोन आला, तोही उचलला नाही.

बाहेर त्या मुलीच्या चपला वाजल्या. “मावशी, ताई आहेत का घरात?”

“हाय,” मावशी म्हणाली. जरा थांबून, “रुसली हाय. पन हाय.”

“मग मालिका लावू का मी?”

“नको. ती येल.”

मी छताकडे बघत राहिले. तो शब्द मी आजवर टीव्हीवर किती वेळा ऐकला होता, पण कुणी माझ्याबद्दल विचारल्यावर आलेला कधी ऐकला नव्हता.

लगेच बाहेर गेले असते तर रुसले नव्हते असं झालं असतं, म्हणून थोडी थांबले. मग तोंड धुऊन आले. मुलगी सोफ्यावर माझ्या उजवीकडच्या जागेवर बसली होती. मला बघून ती मधे सरकली आणि तिने आपला मोबाइल माझ्या हातात दिला. “ही लांबलचक आहे. मराठीत आहे. तुम्ही वाचा.”

मी बोट ठेवलं. मावशीने भाजी निवडायचं सूप पुढे ओढलं.

उशी मात्र अजून त्या मुलीच्याच मांडीवर होती. ते मी बघितलं.