भिंतीतली पिल्लं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. समीरला तर नाहीच — तो माझा नवरा, आणि गोष्ट त्याच्या वडिलांची आहे.

दिल्लीत, द्वारकेला सहाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीतला जुना एसी काढला तेव्हा पाइपचं भोक आतून बुजवलं. बाल्कनीच्या बाजूनं तसंच राहिलं. तिथे चिमण्यांनी घरटं केलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर शिट, जिकडेतिकडे काड्या, आणि माझ्या ऑफिसच्या कॉलमध्ये अखंड चिवचिवाट. मी घरूनच काम करायचे. वैताग खरा होता — पण वैतागून माणूस एवढं करतो का?

भोक बुजवायला एसीवाल्याला बोलावलं. त्यानं मोबाइलचा उजेड आत टाकला. "मॅडम, बच्चे हैं. दस-बारह दिन रुक जाइए, उड़ जाएँगे."

मीही वाकून पाहिलं. तीन उघड्या चोची. मी त्याला परत पाठवलं — आणि दुपारी, अण्णा झोपलेले असताना, पांढरं सिमेंट कालवून ते भोक स्वतः बुजवलं. हो, पिल्लं आत असताना. चिमणी चोचीत अळी घेऊन आली, ओल्या सिमेंटवर धडका देत राहिली. मी बाल्कनीचं दार लावलं आणि कॉलला बसले.

इथवरचं कदाचित सांगताही आलं असतं. पुढचं नाही.

अण्णांचा पलंग त्याच भिंतीला लागून. संध्याकाळी ते म्हणाले, "अगं, भिंतीत पिल्लं ओरडतायत."

"काही नाही, अण्णा. भास होतोय तुम्हाला."

मला ऐकू येत होतं — स्पष्ट. दुसऱ्या दिवशी ते भिंतीला कान लावून बसले. "एकदा ऐक ना," म्हणाले. मी कान लावला, ऐकलं, आणि 'नाही' म्हणून मान हलवली. समीर टूरवरून परतला तोवर भिंत गप्प झाली होती. अण्णांना भास होतात, हे त्याला मीच सांगितलं. डॉक्टरांनाही मीच — दोन दिवसांचे दोन महिने करून. का? आता मागे कसं फिरायचं, एवढंच डोक्यात होतं का? मला तर खोटं बोलणं सोपं वाटत होतं.

गोळ्या सुरू झाल्या. अण्णा दिवसभर पेंगायचे. स्वतःच्या कानांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. "बेल वाजली का गं, की मलाच?" — दर वेळी विचारायचे. एका दुपारी बेल खरंच वाजली. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका बुद्धिबळाला आले असणार; ते आले की दोन तास गप्पा, चहा. आणि माझा कॉल चालू होता.

"बेल वाजली का गं?"

"नाही, अण्णा."

अर्धवट उठलेले अण्णा परत बसले. "सॉरी हं," म्हणाले. मला.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा माझी नणंद आली होती, तिला समीर सांगत होता, "त्या चिमण्यांच्या भासापासून सगळं सुरू झालं. हिच्यामुळे वेळेवर लक्षात तरी आलं." नणंदेनं माझा हात हातात घेतला.

मी तो तसाच राहू दिला.