आम्ही चौघे एक जूनवाले

दोस्तांनो, आज माझा वाढदिवस. सुरतहून सुट्टीवर आलो, म्हणून आम्ही चौघे दोस्त आमच्या उंद्री गावाहून दोन गाड्यांवर कुडकुडत संभाजीनगरले गेलो.

तिथं एका गेम झोनवर पाटी होती, ज्याचा वाढदिवस त्याला प्रवेश मोफत. काउंटरवरच्या ताईंनी माझं आधार कार्ड पाहिलं. "यावर तर एक जून आहे."

"ताई, ते शाळेत गुरुजींनी टाकलं. गावात सगळ्यांचंच तसं हाय," माझा दोस्त मंग्या म्हणाला. पुरावा म्हणून तिघांनीही आपापली कार्डं काढली. चौघांचाही एक जून!

मागून कोणीतरी हसलं, "एकाच मायचे काय रे चौघं?"

मले लय लागलं. तिथंच मायले फोन केला, स्पीकरवर. माय कडाडली, "त्या बाईले सांग, तू जन्मला तवा मी होती तिथं, गुरुजी नव्हते!"

ताईंनाही हसू आलं, पण तिकीट काढावंच लागलं.

माझ्या जन्माचा दवाखान्याचा कागद मायनं पेटीत जपून ठेवला आहे. शाळा सातवीत सुटली, गाव सुटलं, पण जन्माचा दिवस तरी माझा मले पाहिजे. उद्या सकाळीच तो कागद घेऊन आधार केंद्रावर जातो. नाही झालं तर सुट्टी वाढवतो, पण तारीख बदलूनच सुरतले जाईन.

तुमच्यात एक जूनवाले किती हायेत? मायले कधी खरी तारीख विचारली काय?