झोपलेली मरीया

याकोब भिंगारदिवे नगरच्या मिशन शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. मुंबईला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा. नाताळात देवळासाठी चित्र काढायचं ते याकोबमास्तरांनीच, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता.

त्याची बायको दीना कोल्हारची. प्रवरेकाठी शेरडं राखत वाढलेली, पुढं शिकून प्राथमिक शाळेत बाई झालेली. लग्नाआधी तिनं कधी ब्रश धरला नव्हता.

लढाईच्या दिवसांत विलायती रंग मिळेनासे झाले. एका साहेबाच्या बंगल्यातलं जमिनीवरचं जुनं लिनोलियम निघालं, ते याकोबनं मागून आणलं. त्यावर पटाशीनं चित्र उलटं कोरायचं, रुळानं छापखान्याची शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याची पाठ घासायची. दीना शाई लावू लागली. ती विचारत गेली, तो सांगत गेला. शिकवायला तो फार चांगला होता. तिनं पटाशी हातात घेतली तेव्हा त्याला कौतुकच वाटलं.

त्रेचाळीसच्या नाताळाच्या तोंडावर सायकलवरून पडून त्याचं मनगट मोडलं.

"मी करू का चित्र?" दीनानं विचारलं.

"कर. मी सांगतो तसं कर."

तिनं तसं केलं नाही. तिची मरीया कडब्यावर झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. बाळ कुशीत, आणि योसेफ पलीकडं शेळीची धार काढतोय. देवळात छाप लावला तेव्हा पाळक शमुवेलराव जरा घुटमळले. पण बाळंतपणं करणाऱ्या मनकर्णाबाई पुढं झाल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि मागं गलका करणाऱ्या बायांना म्हणाल्या, "हळू बोला गं. दमलीया ती."

याकोबच्या काळजात काहीतरी रुतलं ते तिथं. इतक्या वर्षांत त्यानं कितीतरी मरीया काढल्या होत्या. सगळ्या गुडघ्यावर, सगळ्या हात जोडलेल्या. एकीसाठीही कुणी आवाज खाली आणला नव्हता. वर लोक त्यालाच म्हणत, "मास्तर, छान तयार केलीत हो बाईंना." तो हसायचा, आणि घरी आल्यावर भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सारायचा.

शेहेचाळीस साली मुंबईच्या एका प्रदर्शनाला त्यानं आपली चार जलरंगातली चित्रं धाडली. पार्सलमध्ये जागा होती म्हणून दीनाच्या मरीयेचा छापही घातला. त्याची चारही परत आली. दीनाचं लागलं. तिच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून बघायला तोच गेला. छाप दारासमोरच्या भिंतीवर होता आणि माणसं त्याच्यासमोर थांबत होती. तो मागं उभा राहून त्यांच्या पाठी बघत राहिला.

"कुठं लावलंय?" घरी आल्या आल्या तिनं विचारलं.

"कोपऱ्यात. उजेड नव्हता तिथं."

पुढच्याच आठवड्यात शमुवेलराव मुंबईहून आले, आणि ओसरीवर बसून त्यांनी छाप दारासमोर लावलाय हे सांगून टाकलं. दीना चहा ठेवायला उठली. तिचं ते न बोलणं याकोबला सोसवेना. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्यानं तिचा कोरलेला लिनोलियमचा ठसा बाहेर काढला आणि पटाशी मरीयेच्या तोंडावरून आडवी ओढली.

संध्याकाळी तिनं ते बघितलं. बोटानं चर चाचपला.

"मला तुमीच शिकवलंत," ती म्हणाली. "बघवत नसंल तर बघू नका. पण हात लावू नका."

त्यानं माफी मागितली नाही. त्याला मागताच आली नाही. दीनानं पुढच्या वर्षी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची नोकरी धरली, घरात आपलं वेगळं टेबल मांडलं आणि कोरत राहिली. धुणं बडवणाऱ्या बाया, बैलाच्या खुरात नाल ठोकणारा छगन, चाऱ्याच्या भाऱ्याखाली दिसेनाशी झालेली तिची आई. याकोब तिच्या टेबलाकडं पाठ करून बसायचा. ती बाहेर गेली, की मात्र उठून एकेक छाप खिडकीशी नेऊन चूक शोधायचा. सापडली, की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं. हळूहळू सापडेनाशी झाली.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात ती एक म्हातारी कोरत होती. विस्कटलेले पांढरे केस, एकेक वेगळा, तरी कुठं तुटलेला नाही. याकोब पाणी प्यायला उठला आणि तिच्या मागं थांबला. दीनाचा हात क्षणभर अडला.

"एवढी बारीक रेघ..." तो म्हणाला. पुढचं त्याला जड गेलं. "पटाशी कशी धरतेस?"

तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग लिनोलियमचा एक तुकडा त्याच्यासमोर सरकवला.

"पटाशी हलवायची न्हाई. तुकडा फिरवायचा. असा."

पोटातली आग तशीच होती. त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला.