डाव्या कोपऱ्यातली जागा

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये संघपाल गोंडाणे बऱ्याच वर्षांपासून मिस्त्री आहेत. धान भरडण्याचे यंत्र कुठे कुरकुरते आहे, हे पूर्वी ते दारातूनच ओळखत. आता जवळ जाऊन यंत्रावर तळहात ठेवतात. हमालांना ती मिस्त्रींची एक लकब वाटते. खरे कारण फक्त त्यांच्या बायकोला, हर्षाला ठाऊक आहे. यंत्रांच्या धडधडाटात संघपालभाऊंचे कान पार मंदावले आहेत. मालकाला कळले तर मिस्त्रीपण जाईल आणि पोती शिवायला बसावे लागेल, या भीतीने ते गप्प राहतात. समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचा आणि अंदाज लागला नाही की "हो ना" म्हणायचे, असा त्यांचा व्यवहार.

आणि याच माणसाला नाद रॉक संगीताचा!

तरुणपणी मिलमध्ये नवे यंत्र बसवायला दक्षिणेकडून एक फिटर आला होता. तो काम करताना टेपवर इंग्रजी गाणी लावी. संघपालांना त्यातला शब्दही कळला नाही, पण ड्रमचा ठोका ऐकून ते हातातला पाना तसाच धरून उभे राहिले. पुढे नागपूरच्या पोरांचा 'रानभट्टी' नावाचा बँड निघाला आणि आपल्याच बोलीत तसली गाणी म्हणू लागला, तेव्हा तर त्यांना घरचेच कोणी भेटल्यासारखे झाले. कान धड होते तोवर त्यांनी रानभट्टीचे एकूण एक गाणे मोबाईलवर ऐकून पाठ केले. मग हळूहळू मोबाईल मुका झाला.

मागच्या वर्षी ते नागपूरला रानभट्टीच्या कार्यक्रमाला गेले. उशीर झाल्याने अगदी मागे उभे राहावे लागले. तिथे नुसती गुणगुण कानी आली. हिरमुसून बाहेर पडताना ते मंचाच्या डाव्या अंगाला ठेवलेल्या भल्यामोठ्या बेस स्पीकरच्या बॉक्ससमोरून गेले, आणि गाणे एकदम छातीत शिरले. कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू आले! पण ते शेवटचेच गाणे होते.

म्हणून यंदा रानभट्टी भंडाऱ्याला येणार म्हटल्यावर त्यांनी मनाशी ठरवले. उभ्याचे तिकीट काढायचे, सकाळीच रांग धरायची आणि डाव्या कोपऱ्यात, बॉक्ससमोर, लोखंडी कठड्याला टेकून उभे राहायचे. तिथे जागा मिळाली तर गाणे आहे, नाही तर नाही.

"पोट्ट्याईच्या गर्दीत कायले जाता?" हर्षा त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली.

"येक डाव पुरं गाणं आयकाचं आहे मले."

यावर तिने पुऱ्या आणि लोणचे बांधून दिले.

भंडाऱ्याला महामार्गाजवळच्या मैदानावर ते पोचले तेव्हा दारासमोर पंधरा-वीस पोरेपोरी आधीच बसलेली होती. संघपालभाऊंनी पिशवीतून रिकामे पोते काढले, अंथरले आणि रांगेत बसले. धानखरेदी केंद्रावर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. शेतकरी आपली पोती ओळीने लावतो, चहाला जातो, जेवायला जातो, पण त्याचा नंबर हलत नाही. मागचा-पुढचा माणूस साक्षीला असतो. इथेही तसेच असणार, असे ते धरून चालले.

मागे करडी गावची रुचिता होती, नर्सिंग शिकणारी, आणि तिचा भाऊ जीवन. ऊन वाढले तसे पोते मोठे आहे हे बघून दोघेही त्यावर सरकले.

"काकाजी, पोराचा नंबर लावून राहिले का तुम्ही?" जीवनने विचारले.

"हो ना," संघपालभाऊ म्हणाले.

"का सोताच येऊन राहिले आयकाले?"

"हो ना."

"काकाजी तं सब्बनले हो म्हणते बाप्पा! काकाजी, मले जावई करून घेता का?"

"हो ना."

आजूबाजूची पोरे खो खो हसली. रुचिताने भावाच्या पाठीत धपाटा घातला. सगळे हसताहेत म्हणून संघपालभाऊही हसले आणि त्यांनी पुऱ्यांचा डबा पुढे केला. जीवनने तीन पुऱ्या उचलल्या आणि थट्टा थांबवली.

दुपार कलली. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. संघपालभाऊ रांगेकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत होते. तेवढ्यात पुढच्या रस्त्यावर ट्रकांची कोंडी झाली म्हणून आयोजकांचा एक माणूस भोंगा घेऊन आला आणि ओरडला की हे दार बंद, आता मागच्या दाराने आत सोडणार. क्षणात रांग उधळली. डबे, चपला, बाटल्या टाकून सगळे मैदानाला वळसा घालून धावत सुटले.

संघपालभाऊंनी मान वर केली तेव्हा पाठी दिसत होत्या. त्यांना वाटले, कुठे भांडण लागले असेल, नाही तर साप निघाला असेल. पोरे येतील परत. रुचिताची पिशवीही पोत्यावरच पडली होती. ती त्यांनी जवळ ओढली, सगळ्यांचा नंबर सांभाळत ते तिथेच बसून राहिले. आपण आता अगदी पहिले आहोत, या विचाराने त्यांना बरेही वाटले.

पिशवी राहिली म्हणून रुचिता धापा टाकत परत आली. लांबूनच ओरडली, "काकाजी! उठा ना! गेट बदललं!" ते हलले नाहीत. ती अगदी पाठीशी येऊन पुन्हा ओरडली. तरी नाही. मग तिने खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकले.

"बस, बस. नंबर सोडू नको," ते म्हणाले.

ती वळसा घालून समोर आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काकाजी, तुम्हाले आयकू येत नाही का?"

तिचे ओठ त्यांना नीट वाचता आले. "हो ना" म्हटले असते तर खरेच बोलल्यासारखे झाले असते, आणि तेच त्यांना जड जात होते.

"कमी येते," ते म्हणाले. "मिलनं खाल्ले कान. त्या डाव्या डब्ब्यासमोर उभा राहिलो तं छातीत येते मले. तेवढ्यासाठीच आलो, बेटा."

रुचिताने पिशवी खांद्याला लावली, त्यांचा हात धरला आणि ती चालू लागली.

आत पोचेपर्यंत मैदान भरले होते. मधोमध कठड्याला चिकटून जीवन दोन्ही हात हलवून बहिणीला बोलवत होता. तिची जागा त्याने धरून ठेवली होती. डावा कोपरा मात्र पाठीला पाठ लागून बुजलेला. संघपालभाऊंनी तिकडे पाहिले आणि त्या पाठींमध्ये त्यांना मिलमध्ये पोती चढवणारी दोन पोरे दिसली. इथे कानांचे निघाले, तर उद्या ते मिलमध्ये जाणार.

"मी सांगू का लोकाईले?" रुचिताने विचारले. "सांगतल्याबिगर कोणी सरकणार नाही."

मंचावर गिटार जुळवणे चालू झाले होते. संघपालभाऊंना त्यातले काहीच कळत नव्हते, नुसती बोटे हलताना दिसत होती.

"सांग," ते म्हणाले. "जोरानं सांग."

ती काय म्हणाली ते त्यांना ऐकू आले नाही. एक पाठ वळली, मग दुसरी, एवढे दिसले. मिलच्या पोरांनीही वळून बघितले. त्यातला एक चकित होऊन क्षणभर तसाच उभा राहिला, मग त्याने पुढच्याला कोपराने बाजूला केले आणि "या मिस्त्री, या" म्हणत वाट काढली. बॉक्ससमोर कठड्याशी एक जाडजूड पोरगा कानात कापूस कोंबून उभा होता. त्याने तर सुटका झाल्यासारखा चेहरा केला.

"घ्या काकाजी, घ्या! माहे कान फुटून राहिले इथं!"

संघपालभाऊंनी कठडा दोन्ही हातांनी पकडला. रुचिता मधल्या जागेकडे गेली नाही. भावाला हातानेच 'राहू दे' अशी खूण करून ती त्यांच्याशेजारी उभी राहिली.

पहिला ठोका लोखंडातून तळहातात आला, दुसरा बरगडीत. मग सगळे आवाज एकत्र आले. रुचिताने कानांत बोटे घातली आणि गाण्याचे नाव सांगायला ती त्यांच्यासमोर वाकली.

"'सातवी घंटा'," संघपालभाऊच आधी बोलले. गर्दीतही लांबवर ऐकू जावे इतक्या मोठ्याने. "हे 'सातवी घंटा' होय. बरोबर का नाही?"

तिने मान हलवली.

"आता पुढचं सांगू नको," ते म्हणाले. "मले ओळखू दे."