जोडीदार पळून गेला नव्हता

मध्यंतरी डिंभ्याहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो धरणात मासेमारी करतो, आता त्यालाही नातू आहे. रामराम झाल्यावर म्हणाला, "गुर्जी, त्यो जोडीदार पळून गेलाच नव्हता की! नातवाच्या मोबाईलवर आमी समदं पाह्यलं. त्यो परत येतो, मालकाला सोडवतो. तुमी तर म्हणला व्हता दगा दिला त्यानं."

"असेल बाबा, जुनी गोष्ट," असं म्हणून मी फोन ठेवला. म्हणजे पुन्हा एकदा खोटंच बोललो. मला सगळं पक्कं आठवत होतं.

तळेघरला एसटीतून उतरून पुढे डोंगर चढून जावं लागे, अशा एका वाडीत मी एकशिक्षकी शाळा चालवत होतो. शाळेला कुठल्याशा योजनेतून काळा-पांढरा टीव्ही मिळाला होता. वीज नावापुरतीच, म्हणून सेट बॅटरीवर चालायचा. अँटेना टेकाडावर बांबूला बांधलेली. रविवारी सकाळी एक कार्टून लागे. पाठीला फडकं बांधून आकाशातून उडणारा एक वीर आणि त्याच्यासोबत धावणारा एक लहानखुरा जोडीदार. तेव्हाही ती मालिका जुनीच असावी. चित्रं तुटक हलायची, पळणाऱ्या माणसामागून तेच झाड पुन्हा पुन्हा जायचं. पोरांना त्याचं काही नव्हतं. अडचण भाषेची होती. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी बेताचं, पोरांना तर हिंदीही परकी.

म्हणून मी आवाज बंद करून गोष्ट मराठीत सांगायला लागलो. वीर बोलायला लागला की मी छातीतून आवाज काढून म्हणे, "थांब दुष्टा!" पोरं मुकाट ऐकत.

जुन्नरचा एक कल्हईवाला महिन्यातून दोनदा शनिवारी वाडीत यायचा. माझ्याच वयाचा. आवारात भाता लावून गावातली तांब्या-पितळेची भांडी लख्ख करून द्यायचा, रात्री शाळेच्या पडवीत झोपायचा. पोरं त्याला चाचा म्हणत, मी भाई म्हणे. एका रविवारी तो मागे बसून बघत होता. माझा वीर कड्यावरून झेपावला आणि मागून कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "मालक, तुमी व्हा फुडं उडत. मी यष्टीनं येतो. यष्टी न्हाई आली तर मेलो समजा."

पोरं अशी हसली की एक जण बाकावरून खाली पडला.

त्या दिवसापासून जोडीदार त्याचा झाला. त्याच्या तोंडी तो जोडीदार वाडीतलाच माणूस होऊन गेला. त्याला भूक लागायची, चपलेचा अंगठा तुटायचा. राक्षसासमोर उभा राहून तो म्हणायचा, "पावणं, आधी भाकर खाऊन घिऊ, मंग मारामारी." वीर संकटात सापडला की म्हणायचा, "मालक, लई उडू नका म्हणलं व्हतं." पोरांच्या आया भांडी घेण्याच्या निमित्ताने येऊन दाराशी उभ्या राहू लागल्या.

मला सुरुवातीला गंमत वाटली. मग हळूहळू वाटेनाशी झाली. तो नसेल त्या रविवारी मी दोन्ही आवाज काढे. "गुर्जी, आज जोडीदार आजारी हाय का?" पोरं विचारायची, आणि अर्ध्यातून उठून गोट्या खेळायला जायची. बाराखडी मी शिकवलेली, तापात औषध आणायला घोडेगावपर्यंत मी गेलेलो, आणि वाट बघायची ती त्याची. हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

बहिणीच्या लग्नासाठी त्याचा एक शनिवार चुकला. त्या रविवारी गोष्टीत वीराला एका गुहेत साखळदंडाने बांधलं होतं. जोडीदार आत आला, त्याला बघून वळला आणि धावत बाहेर गेला. मदत आणायला गेला असणार, हे माझ्यासारख्याला कळण्यासारखं होतं. मी त्याचा आवाज काढला, भाईचाच ढंग उचलून: "मालक, मला माझा जीव प्यारा. तुमी मरा. मी चाललो." आणि वर जोडून दिलं की तो आधीपासूनच दुष्टाला सामील होता, सगळ्यांना हसवत होता ते फसवायलाच.

एकही पोर गोट्या खेळायला उठलं नाही. भाई नसताना हे पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात पडद्यावर जोडीदार गावची माणसं घेऊन परत येताना दिसला. मी पुढे होऊन सेट बंद केला. म्हणालो, "बॅटरी उतरली."

पुढच्या खेपेला भाई आला तेव्हा पोरं लांब उभी राहिली. "काय रं, चाचाला वळखत न्हाई व्हय?" त्याने विचारलं.

एक मुलगी म्हणाली, "तुमी मालकाला टाकून पळालात."

तो हसला. त्याला वाटलं, पोरं थट्टा करताहेत. पण पोरांनी घरीही सांगितलं होतं, आणि घरी पोचेपर्यंत त्यातला टीव्ही गळून पडला होता. चाचा फसवतो, सामान घेऊन पळतो, एवढंच उरलं होतं. त्या दिवशी भांडी थोडी आली. एक बाई आपली परात देऊन घरी गेली नाही. कल्हई होईपर्यंत नवसागराच्या धुरात, पदर नाकाला लावून, परातीवर डोळा ठेवून बसून राहिली.

संध्याकाळी त्याने मला विचारलं, "गुरुजी, मी नव्हतो तवा काय झालं?"

मी म्हणालो, "चित्रातच तसं होतं. दिसलं ते सांगितलं."

"चित्रातच आसंल तर काय बोलायचं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कार्टून लागलं तेव्हा तो मागे बसून राहिला, जोडीदाराचा आवाज मीच काढला. पोरांनी विचारलं, जोडीदार पुन्हा मालकासोबत कसा? मी सांगितलं, मालकाचं मन मोठं, त्याने माफ केलं. पावसाळ्यानंतर भाई आमच्याकडे फिरकलाच नाही. निरगुडसरच्या बाजूला धंदा करतो, असं कानावर आलं.

डिंभ्याचा फोन आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी जुन्नरला गेलो. बाजारात त्याच्या मुलाचं कुकर-शेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. भाई बाहेर खुर्चीवर बसला होता. ओळखलं त्याने. चहा मागवला. मी चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. सेट बंद केल्याचंही.

कार्टून त्याला धड आठवत नव्हतं. "आसंल काय तरी," म्हणाला. मग काठी टेकून खुर्चीत पुढे सरकला.

"ती परातवाली बाई," त्याने विचारलं, "ती त्याच्यामुळं बसली व्हती?"

"हो."

"मला वाटलं, वाडीत कुणी तरी आमच्या लोकांबद्दल काय तरी भरवलं. तवा इकडं तिकडं तसलं बोलणं चालायचं." काठी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "मी पोरांना सांगून ठिवलं, डोंगरात धंद्याला जायचं न्हाई. ती माणसं आपली न्हाईत. त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय बोललो, गुरुजी. ती तर बिचारी परात सांभाळत व्हती."

मी माफी मागायला गेलो होतो. एका मित्राचं मन दुखावलं, एवढाच माझा हिशेब होता. एका अख्ख्या वाडीला मी त्याच्या मनात गुन्हेगार करून ठेवलंय, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी हात जोडले. त्याने ते पाहिले न पाहिल्यासारखे केले.

"मला सांगून काय व्हतंय? माझं आयुष्य गेलं," तो म्हणाला, आणि आत वळून मुलाला हाक मारली. मुलगा हात पुसत बाहेर आला. साठीकडे झुकलेला माणूस. भाई त्याला म्हणाला, "ह्ये गुरुजी. डोंगरातले. तुला नको म्हणलो व्हतो ना तिकडं जायला? ते का, ते हे सांगत्यात. बस."

"अब्बा, गिऱ्हाईक उभंय."

"उभं राहू दे."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा. टीव्ही बंद केला तिथनं."

मी म्हणालो, तिथून सांगून भागणार नाही. पोरं याच्या आवाजाला हसायची आणि मला ते सोसत नव्हतं, तिथून सांगावं लागेल. मुलगा पायरीवर बसला. गिऱ्हाईक कुकरचं झाकण हातात धरून उभंच होतं, त्यानेही ऐकलं. वाडीतली पोरं आता कुठं कुठं आहेत, सगळ्यांपर्यंत मला चालवत नाही. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे.