चुडा आणि डावा हात

लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता, तोच भारतीय संघाचं बोलावणं आलं. त्याआधी मी देशासाठी थोडं खेळले होते, पण नाव घ्यावं असं काही केलं नव्हतं. डावखुऱ्या फिरकीला संघात एकच जागा असायची आणि माझ्या मागे दुसरी मुलगी तयार होती. या वेळी गेले नाही तर खेळ संपला, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अडचण हातातल्या हिरव्या चुड्याची होती. काचेच्या बांगड्या घालून मैदानात उतरू देत नसत. माझं माहेर नाशिकचं, सासर पिंपळगाव बसवंतचं. नव्या नवरीने चुडा उतरवायचा म्हणजे घरात अशुभच. नवऱ्याने द्राक्षांच्या हंगामाचं निमित्त काढलं आणि तो कोल्ड स्टोरेजवर निघून गेला.

मग मीच सासूबाईंसमोर जाऊन बसले. त्या कांदा चिरत होत्या.

"बॉल कोणत्या हातानं टाकती?"

"डाव्या."

"अन् जेवती?"

"उजव्या." आईने लहानपणी चापट्या मारून जेवण आणि लिहिणं उजव्या हातावर आणलं होतं. बॉलिंग हे काही शुभकार्य नाही, म्हणून तेवढी सूट मिळाली होती.

"मग डाव्याचं काय घेऊन बसलीस? त्यानं ना प्रसाद घेता येत, ना कुंकू लावता येत. तो ऱ्हाऊ दे रिकामा. उजव्यात एक बांगडी ठेव, वरून पट्टी बांध."

"अंपायरने विचारलं तर?"

"मनगट लचकलंय म्हणावं. खोटं बोलाय शिकवलं नाय का आईनं?"

तशीच खेळले. सुरुवातीलाच दोन चौकार बसले. मग चेंडू टप्पा पडून वळायला लागला. समोरच्या संघाच्या जम बसलेल्या बॅट्समनने एक चेंडू सरळ माझ्याकडे मारला. मी उजवीकडे झेपावले, झेल हातात बसला आणि पट्टीखाली कडकन वाजलं. थोडं रक्त आलं, ते पुसून मी पुढची ओव्हर टाकली. त्या दिवसानंतर बरीच वर्षं ती जागा माझी राहिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी मनगट पाहिलं. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत.

"वाढली," मी म्हणाले.

"कशात?"

"झेल घेताना."

"घेतला ना?"

"घेतला."

"मग चल कासाराकडं. पुढची मॅच कधी हाय?"