इटलीची सायकल

शिवणयंत्रात तेल घालताना आज त्या वासासरशी यांची सायकल आठवली. हे तेव्हा शहाद्याला मास्तर होते. सुरतेच्या एका पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती जुनी इटालियन सायकल आणली होती. आकाशी रंग, बारीक पोलादी नळ्या, एका हाताने उचलावी इतकी हलकी. रोज संध्याकाळी ते तिला असंच तेल लावत. चरा पडेल म्हणून कॅरियरही बसवलं नव्हतं.

साठ सालाच्या आसपास एका सकाळी माझ्या माहेराहून, कळसाडीहून निरोप आला, माय अत्यवस्थ आहे. तिकडची सकाळची मोटार निघून गेली होती.

"मी दांडीवर बसस," मी म्हटलं.

त्यांनी नळीकडे पाहिलं. "नळी वाकी जाई."

मी चालू लागले. ते सायकल हाताने ढकलत मागून आले. उसाच्या शेतांपाशी म्हणाले, "बस आते दांडीवर. चूक व्हयनी मन्ही."

"मी पायीच येस." मी वळूनही पाहिलं नाही.

पोचलो तेव्हा माय गेली होती. वहिनी रडत म्हणाली, "घडीभर पहिले तुन्हंच नाव ली ऱ्हायनी व्हती."

यांनी ती सायकल पुन्हा चालवली नाही. मी मात्र माहेरी सगळ्यांना सांगत राहिले की, यांनी मला सायकलवर बसू दिलं नाही. समोर बसून ऐकतानाही ते कधी काही बोलले नाहीत. आता तेही नाहीत. वाटेत ते "बस" म्हणाले होते, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.